न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट म्हणून सरकारी रुग्णालयात: पात्रता, नोंदणी आणि निवड परीक्षा

आधी कोर्स शोधायचा, तो पुरा करायचा आणि मग नोकरीच्या जाहिराती वाचायला बसायचं, हा नेहमीचा क्रम न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये, म्हणजे रुग्णाच्या शरीरात किरणोत्सारी औषध सोडून तपासणी आणि उपचार करण्याच्या शाखेत, महागात पडतो. इथे तुमची पात्रता एका नव्हे, दोन ठिकाणी मान्य व्हावी लागते. एक म्हणजे भरती करणारं रुग्णालय, दुसरी अणुऊर्जा नियामक परिषद, म्हणजेच एईआरबी. पहिल्याला तुम्ही पसंत पडलात, पण एईआरबीच्या निकषांत तुमची पदवी बसली नाही, तर तुम्हाला किरणोत्सारी द्रव्याची सिरिंज हातात घेता येत नाही. म्हणून या लेखात उलट्या टोकाकडून सुरुवात केली आहे. आधी नियम, मग जाहिरात आणि त्यानंतर कोर्स.

नियम कुठून येतात

ही चौकट १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि त्याखालचे २००४ चे किरणोत्सार संरक्षण नियम यांतून घडली. तिची अंमलबजावणी १९८३ मध्ये स्थापन झालेली एईआरबी करते. तिचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. न्यूक्लिअर मेडिसिन विभाग चालवायला परवाना लागतो. तो मिळवण्यासाठी पात्र डॉक्टर, पात्र टेक्नॉलॉजिस्ट आणि किरण सुरक्षा अधिकारी, ज्याला सगळे आरएसओ म्हणतात, यांची नावं दाखवावी लागतात. तुमच्या पदवीवर रुग्णालयाचा परवाना टेकलेला असतो, त्यामुळे शंकास्पद पदवीच्या उमेदवाराला घेण्याचा धोका कुठलीच सरकारी संस्था पत्करत नाही.

दुसरा कायदा अलीकडचा आहे, २०२१ चा संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाचा. त्याच्या अनुसूचीत वैद्यकीय रेडिओलॉजी, इमेजिंग व उपचार तंत्रज्ञान या गटात न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्टचं नाव स्पष्टपणे आहे. या कायद्यात ‘संलग्न आरोग्य व्यावसायिक’ म्हणजे दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचं शिक्षण घेतलेला, आणि ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ म्हणजे तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांची पदवी घेतलेला. प्रवेश घेताना कॉलेजकडून अभ्यासक्रमाचे एकूण तास लेखी घ्या. सहा महिन्यांच्या किंवा वर्षभराच्या खाजगी ‘न्यूक्लिअर मेडिसिन असिस्टंट’ कोर्सचा फोलपणा तिथेच उघडा पडतो.

कोणती पदवी चालते, कोणती नाही

मार्ग तीन आहेत.

पहिला, बारावी विज्ञान आणि त्यानंतर न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजीतली बी.एस्सी. साधारण तीन वर्षं शिक्षण आणि पुढे एक वर्ष इंटर्नशिप असं तिचं स्वरूप असतं. मणिपालसारख्या ठिकाणी ही पदवी जुनी आणि प्रस्थापित आहे.

दुसरा, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्रातली साधी बी.एस्सी. आणि तिच्यावर पदव्युत्तर पदविका. यातली सर्वांत नावाजलेली पदविका डीएमआरआयटी, म्हणजे वैद्यकीय रेडिओआयसोटोप तंत्रांची पदविका. ती भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परळमधल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरशी जोडलेली आहे. हे केंद्र १९६३ पासून टाटा मेमोरियलच्या अ‍ॅनेक्स इमारतीत चालतं. सरकारी जाहिरातींत पात्रतेच्या रकान्यात डीएमआरआयटीचं नाव वारंवार दिसतं. फ्यूजन इमेजिंग टेक्नॉलॉजीची पदविकाही टाटा मेमोरियलच्या जाहिरातींत दिसते.

तिसरा, एम.एस्सी. होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटच्या छत्राखाली न्यूक्लिअर मेडिसिन आणि मॉलिक्युलर इमेजिंगची एम.एस्सी. आहे. दिल्लीचं एम्स आणि चंदीगडचं पीजीआय यांचेही पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. जागा मोजक्या असतात. बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतलेल्यांना प्रवेश परीक्षेत फायदा होतो, कारण बरेच प्रश्न किरणोत्सारी क्षय, किरणांचा पदार्थाशी होणारा संबंध आणि मापन यांभोवती फिरतात.

आता न चालणाऱ्या पदव्या. महाराष्ट्रात सर्वाधिक गोंधळ इथे होतो. बीपीएमटीची, म्हणजे पॅरामेडिकल तंत्रज्ञानाच्या पदवीची, रेडिओग्राफी शाखा किंवा एक्स-रे, सीटी, एमआरआयचं शिक्षण घेतलेल्यांना वाटतं, पेट-सीटी या जोडयंत्रात सीटी आहेच, म्हणजे आपण चालू. सीटीचा भाग तुम्हाला येतो हे खरं. पण एक्स-रे ट्यूबचं बटण सोडलं की किरण थांबतात. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये स्रोत उघडा असतो, द्रवरूप असतो, आणि इंजेक्शननंतर रुग्ण स्वतःच स्रोत होऊन बसतो. त्यामुळे नियामकाच्या लेखी ही दोन वेगळी कामं आहेत. डीआरपी, म्हणजे रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका, ही मेडिकल फिजिसिस्टसाठी आहे. तिने टेक्नॉलॉजिस्टचं पद मिळतंच असं गृहीत धरू नका. डीएमएलटी, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळेची पदविका, केलेल्यांना रेडिओइम्युनोअसेच्या, म्हणजे किरणोत्सारी खुणेने रक्त तपासण्याच्या, प्रयोगशाळेत संधी मिळू शकते, पण कॅमेऱ्यावर नाही. दूरशिक्षणातून घेतलेली ‘मेडिकल इमेजिंग’ नावाची मोघम पदवी तर विचारातच घेऊ नका.

प्रवेशाआधी कॉलेजला विचारायचे प्रश्न

माहितीपत्रकावरच्या छायाचित्रांवरून काही कळत नाही. प्रत्यक्ष जाऊन विचारा.

संस्थेकडे स्वतःचा एईआरबी परवाना असलेला न्यूक्लिअर मेडिसिन विभाग आहे का, की विद्यार्थ्यांना दुसऱ्या रुग्णालयात ‘व्हिजिट’ला नेतात? गॅमा कॅमेरा, म्हणजे शरीरातून येणाऱ्या गॅमा किरणांचं चित्र काढणारं यंत्र, आणि पेट-सीटी दोन्ही आहेत का? फक्त पेट-सीटी असलेल्या ठिकाणी टेक्निशियम हे किरणोत्सारी द्रव्य देणारा जनरेटर, त्यापासून औषध बनवण्याचं किट जोडणं, रीनल स्कॅन, थायरॉइड स्कॅन हे हाताखालून जातच नाही. सरकारी रुग्णालयांत मात्र ती कामं रोजची असतात. आयोडीन-१३१ च्या उपचारांसाठी विलगीकरण वॉर्ड आहे का? प्रशिक्षणार्थीला स्वतःच्या नावाचा टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेले किरण मोजणारा बिल्ला, मिळतो का? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर चाचरत आलं तर तिथून निघावं. बॅज नाही म्हणजे नियमाने तुम्हाला हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषधं तयार करण्याच्या खोलीत, उभं करता येत नाही, म्हणजेच तुमचं ‘प्रात्यक्षिक’ काचेपलीकडून होणार.

आणि सर्वांत महत्त्वाचा: मागच्या दोन-तीन तुकड्यांतल्या किती जणांची एईआरबीच्या ई-लोरा प्रणालीत न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट म्हणून नोंद झाली? माजी विद्यार्थ्यांशी थेट बोला. नोकरी लागली का, हा प्रश्न दुसरा.

पदवी प्रमाणपत्रावर छापलं जाणारं नेमकं नावही आधीच पाहून घ्या. ‘न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजी’ हे शब्द प्रमाणपत्रावर नसतील, तर प्रत्येक भरतीत समकक्षतेचं पत्र जोडत बसावं लागतं आणि छाननी करणारा कारकून ते वाचेलच याची खात्री नसते.

ई-लोरा आणि आरएसओ

ई-लोरा ही एईआरबीची ऑनलाइन परवाना प्रणाली. तीत तुम्हाला ‘रेडिएशन प्रोफेशनल’ म्हणून नोंद करावी लागते. ओळखपत्र, जन्मतारखेचा पुरावा, छायाचित्र, पदवी आणि सर्व गुणपत्रिका स्कॅन करून ठेवा. अर्ज परत येण्याची कारणं बहुतेक साधी असतात. दहावीच्या सनदेवर आणि आधारवर नावाचा क्रम वेगळा असतो. लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं आणि राजपत्राची प्रत जोडलेली नसते. किंवा तात्पुरत्या प्रमाणपत्राचा अस्पष्ट फोटो टाकलेला असतो. मराठी माणसाच्या कागदपत्रांत वडिलांचं नाव कधी मधे येतं, कधी गळतं. हे सगळं पहिल्या अर्जाआधी एकसारखं करून घ्या.

नोंद झाल्यावर नोकरी देणारी संस्था तुम्हाला स्वतःच्या खात्याशी जोडते. नोकरी बदलताना जुन्या संस्थेने तुमचं नाव मोकळं केलं नाही, तर नव्या ठिकाणी काम अडतं. राजीनाम्याच्या शेवटच्या आठवड्यातच हे करून घ्यावं. तीन महिन्यांनी फोन केला तर तिथला आरएसओही बदललेला असू शकतो.

आरएसओची पात्रता ही वेगळी गोष्ट आहे. टेक्नॉलॉजिस्ट होण्यासाठी ती लागतेच असं नाही, पण ‘आरएसओ प्रमाणपत्र असल्यास प्राधान्य’ ही ओळ जाहिरातींत असते आणि छोट्या केंद्रांत तर निवड तिच्यावरच होते. न्यूक्लिअर मेडिसिनसाठीची प्रमाणन परीक्षा भाभा अणुसंशोधन केंद्रामार्फत होते. तुमच्या अभ्यासक्रमात ती अंतर्भूत आहे का, ते प्रवेशावेळीच विचारा. परीक्षा उत्तीर्ण होणं म्हणजे आरएसओ होणं नव्हे. नेमणूक संस्था सुचवते आणि मान्यता एईआरबी देते.

जागा कुठे निघतात

टाटा मेमोरियल सेंटर अणुऊर्जा विभागाखाली येतं. परळ आणि खारघरशिवाय त्याची रुग्णालयं वाराणसी, विशाखापट्टणम, पंजाब आणि गुवाहाटीला आहेत. अनेकदा एकाच जाहिरातीत वेगवेगळ्या गावांच्या जागा असतात. मुंबईचीच जागा हवी म्हणून अडून बसणारे उमेदवार वर्षानुवर्षं कंत्राटी राहतात. अनुभवाची पहिली दोन वर्षं वाराणसीत काढली तर काही बिघडत नाही. टाटा मेमोरियलच्या टेक्निशियन ‘सी’ पदाचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार २५,५०० रुपये आणि सायंटिफिक असिस्टंट ‘बी’चं ३५,४०० रुपयांपासून सुरू होतं, वर भत्ते. काम जवळपास तेच, पण दोन पदांच्या पात्रतेत फरक असतो, म्हणून दोन्ही रकाने स्वतंत्र वाचा.

याखेरीज एम्स, पीजीआय, लखनौचं एसजीपीजीआय, संरक्षण खात्याची रुग्णालयं यांच्या जागा निघतात. प्रकल्पावरच्या किंवा कंत्राटी जागा थेट मुलाखतीने भरतात. पगार एकत्रित असतो आणि मुदत कमी असते. तरी नवख्याने या सोडू नयेत, कारण कायम पदांना लागणारा अनुभव इथूनच मिळतो.

जाहिरात कशी वाचावी

‘पात्रता मिळाल्यानंतरचा एक वर्षाचा अनुभव’ या ओळीत इंटर्नशिप सहसा धरली जात नाही. निकालाच्या तारखेपासून मोजा आणि अनुभव कोणत्या तारखेपर्यंत धरणार आहेत तेही पाहा. ती बहुधा अर्जाची शेवटची तारीख असते. अनुभवपत्रावर पदनाम, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पूर्णवेळ असल्याचा उल्लेख, तसंच गॅमा कॅमेरा, पेट-सीटी आणि हॉट लॅबमध्ये काम केल्याचा उल्लेख हवा. ‘आमच्याकडे समाधानकारक काम केले’ एवढ्याच पत्राचा छाननीत उपयोग नाही. पत्र विभागातून नको, प्रशासनाच्या शिक्क्याने घ्या.

आरक्षणाबाबत महाराष्ट्रातल्या उमेदवारांची नेहमी फसगत होते. केंद्राच्या भरतीत ओबीसी दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि केंद्राच्या यादीतल्या जातीसाठी लागतो. राज्याच्या नोकरीसाठी काढलेला दाखला चालत नाही. राज्यातलं एसईबीसी आरक्षणही केंद्रीय संस्थांत लागू नाही. नॉन-क्रिमिलेअर आणि ईडब्ल्यूएस दाखल्यांचं आर्थिक वर्ष जाहिरातीशी जुळतंय ना, ते तहसील कार्यालयातून कागद हातात पडतानाच बघा.

लेखी आणि कौशल्य चाचणी

तयारीचा खरा वेळ इथे द्यावा. सामान्यज्ञानाचे प्रश्न सगळेच सोडवतात. गाळणी लागते ती विषयाच्या आकडेमोडीत, आणि मुलाखतीतल्या ‘असं का दिसतंय?’ या प्रश्नात.

अर्धायुष्यं, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ, तोंडपाठ हवीत: टेक्निशियम-९९एम ६ तास, मॉलिब्डेनम-९९ ६६ तास, फ्लोरिन-१८ ११० मिनिटं, गॅलियम-६८ ६८ मिनिटं, आयोडीन-१३१ ८ दिवस. ऊर्जाही: टेक्निशियम १४० केईव्ही, आयोडीन-१३१ ३६४, पेटमध्ये ५११. किरणोत्साराच्या मापात एक मिलिक्युरी म्हणजे ३७ मेगाबेक्वेरेल.

मग हिशेब. सकाळी ८ ला बोन स्कॅनच्या किटची तीव्रता दर मिलिलीटरला ४० मिलिक्युरी आहे. रुग्णाला २० द्यायची तर अर्धा मिलिलीटर ओढा. तोच रुग्ण दुपारी २ ला आला तर तीव्रता २० वर आलेली असते, म्हणजे पूर्ण एक मिलिलीटर लागेल. एफडीजीचंही, म्हणजे पेटसाठीच्या फ्लोरिन-१८ लावलेल्या साखरेचंही, तसंच. ९ वाजता ४० मिलिक्युरी आली असेल, तर १०:५० ला २०, १२:४० ला १० आणि अडीच वाजता ५ उरते. शेवटच्या रुग्णाच्या डोसपासून मागे मोजत येऊन सकाळी किती मागवायचं हे काढता आलं, तर परीक्षकाला दुसरं काही विचारावं लागत नाही.

जनरेटरवर प्रश्न येतोच. ताज्या एल्यूशननंतर, म्हणजे मॉलिब्डेनमपासून तयार झालेलं टेक्निशियम सलाइनने धुऊन काढल्यावर, साधारण २३ तासांनी टेक्निशियम पुन्हा कमाल पातळीला पोचतं, आणि सहा तासांत जवळजवळ निम्मं भरतं, म्हणून दुपारच्या तातडीच्या स्कॅनसाठी दुसऱ्यांदा एल्यूशन घेता येतं. मॉलिब्डेनम झिरपलंय का ते पाहण्यासाठी व्हायल, म्हणजे औषधाची कुपी, शिशाच्या जाड डब्यात ठेवून डोस कॅलिब्रेटर या किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रात मोजतात. १४० केईव्हीचे किरण डब्यात अडतात, मॉलिब्डेनमचे ७४० केईव्हीचे बाहेर येतात. सर्वसाधारण मर्यादा दर मिलिक्युरी टेक्निशियममागे ०.१५ मायक्रोक्युरी मॉलिब्डेनम, आणि तीही रुग्णाला देतानाच्या वेळची. मेख इथेच आहे. सकाळी ८ ला प्रमाण ०.०५ असेल तर ते सुरक्षित, पण टेक्निशियम सहा तासांत निम्मं होतं आणि मॉलिब्डेनम जेमतेम सहा टक्के घटतं. दुपारी २ ला तेच प्रमाण ०.०९ आणि रात्री ८ ला ०.१८ च्या आसपास जातं. सकाळी पास झालेली व्हायल रात्री वापरता येत नाही.

चित्र दाखवून विचारलेले प्रश्न अनुभवाचा कस पाहतात. बोन स्कॅनमध्ये थायरॉइड, लाळग्रंथी आणि जठर दिसतंय: किटमध्ये हवा शिरली, स्टॅनस आयन ऑक्सिडाइझ झाला, टेक्निशियम मोकळं राहिलं. व्हायलमध्ये सलाइन सोडताना तेवढीच हवा परत ओढून न घेता वर हवा भरली, की हे होतं. यकृत उठून दिसतंय: कोलॉइड तयार झालं, अ‍ॅल्युमिनियम जास्त आलं असण्याची शक्यता. ते रंग बदलणाऱ्या पट्टीने तपासतात, मर्यादा दर मिलिलीटरला १० मायक्रोग्रॅम. कोपरापाशी गडद ठिपका: औषध शिरेबाहेर गेलं, तेव्हा त्या ठिकाणाची नोंद करा, नाहीतर डॉक्टर ते आजारात मोजतील. एफडीजीत मानेच्या आणि खांद्याच्या दोन्ही बाजूंना सारखीच चमक: रुग्ण थंडीत बसला होता, हे तपकिरी चरबीचं शोषण. सगळे स्नायू उजळले असतील तर त्याने जेवण केलं आहे किंवा इन्सुलिन घेतलं आहे. म्हणून किमान ४ ते ६ तास उपाशी, साखर २०० मिलिग्रॅमच्या आत आणि इंजेक्शननंतर तासभर न बोलता, न चालता पडून राहणं.

यंत्रांच्या तपासण्यांचं वेळापत्रक सांगता यायला हवं. डोस कॅलिब्रेटरची स्थिरता रोज दीर्घायुषी स्रोताने, म्हणजे सहसा सीझियम-१३७ ने. लिनिअ‍ॅरिटी (कमी-जास्त डोसांवर आकडा खरा येतो का) दर तिमाहीला, अचूकता वर्षाला. गॅमा कॅमेऱ्याचं फ्लड चित्र, म्हणजे एकसारख्या स्रोताचं चाचणी चित्र, रोज, पहिला रुग्ण घेण्याआधी. ते सांडलेल्या थेंबामुळे बिघडलंय की डिटेक्टरमधल्या फोटोमल्टिप्लायर ट्यूबमुळे, हे कसं ओळखाल? कॉलिमेटर, म्हणजे डिटेक्टरपुढची शिशाची जाळी, तिथेच ठेवून कॅमेऱ्याचं डोकं फिरवा किंवा स्रोत हलवा. डाग डिटेक्टरबरोबर फिरला तर ट्यूब किंवा कॉलिमेटर पाहा, जागच्या जागी राहिला तर टेबल पुसा.

सुरक्षेवरचे आकडे एईआरबीचे द्यावेत, परदेशी पुस्तकातले नकोत. कर्मचाऱ्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात कमाल ३०. अमेरिकन पुस्तकं ५० सांगतात आणि विद्यार्थी तेच लिहून येतात. हातापायांसाठी ५००, सामान्य जनतेसाठी १. गर्भधारणा कळवल्यानंतर गर्भासाठी १ मिलिसिव्हर्ट.

शिशाचा अ‍ॅप्रन हाही हुकमी प्रश्न. अर्ध्या मिलिमीटर शिशाचा अ‍ॅप्रन टेक्निशियमचे बरेचसे किरण अडवतो. ५११ केईव्हीपुढे तो निव्वळ ओझं. पेटमध्ये अंतर दुप्पट केलं तर डोस चौथाईवर येतो, म्हणून रुग्णाला सगळ्या सूचना इंजेक्शनच्या आधी द्यायच्या, शीर आधीच पकडून ठेवायची आणि टंगस्टनच्या कवचातली सिरिंज वापरायची. द्रव सांडलं तर: लोकांना थांबवा, शोषक कागद टाका, बाहेरून आतल्या दिशेने पुसा, दर पुसण्यानंतर सर्व्हे मीटरने मोजा, कागद-हातमोजे खूण केलेल्या पिशवीत. ती पिशवी साधारण दहा अर्धायुष्यं साठवायची, म्हणजे टेक्निशियमची अडीच दिवस, आयोडीन-१३१ ची ८० दिवस. म्हणूनच दोन्हींच्या पिशव्या एकत्र करायच्या नसतात.

रुजू होताना

नियुक्तीपूर्व वैद्यकीय तपासणीत रक्तपेशींची मोजणी असते. ती प्रत जपून ठेवा, पुढच्या तुलनेसाठी तोच पाया. आधी कुठे बॅज लावून काम केलं असेल तर तो क्रमांक सांगा. नवा क्रमांक घेतला तर पाच वर्षांची बेरीज तुटते आणि नंतर जोडताना महिने जातात. जुन्या संस्थेकडून डोसचा तपशील मागवणं ही नव्या मालकाची नियमाने जबाबदारी आहे, तरी स्वतःजवळ प्रत हवीच.

टीएलडी बॅज छातीवर, अ‍ॅप्रन घातला असेल तर त्याच्या आत लावायचा. हॉट लॅबमध्ये डोस भरणाऱ्याने मनगटाचा बॅजही मागून घ्यावा. छातीवरचा आकडा कमी दिसतो म्हणून लोक निर्धास्त असतात आणि बोटांचा डोस कुणी मोजतच नाही. संध्याकाळी बॅज कुणीच न वापरलेल्या कंट्रोल बॅजसोबत ठरलेल्या रॅकवर. कोट इंजेक्शन रूममधल्या खुंटीला अडकवून गेलात, तर तिमाहीअखेर आलेल्या आकड्याचं स्पष्टीकरण एईआरबीला लेखी द्यावं लागतं. त्या आकड्यातला किती खोलीचा आणि किती तुमचा, हे तेव्हा कुणालाच सिद्ध करता येत नाही.